मानाची बरगडी

हात वर केला की गोरखची नाडी जायची आणि खाली आणला की परत यायची. डॉक्टरांनी हे साधनासमोर दोनदा करून दाखवलं. साधना ही गोरखची बायको. बावीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याबद्दलची कुठलीही गोष्ट दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान्य केली नव्हती. तिनं स्वतः त्याच्या मनगटावर बोटं टेकवली, हात वर करायला लावला, खाली घ्यायला लावला.

"म्हंजी हात वर असला की हे गेलेले, आन खाली असला की हायेत," ती म्हणाली.

"फक्त हातापुरतं," डॉक्टर म्हणाले.

"व्हय, हातापुरतंच," साधना म्हणाली. तिच्या आवाजात किंचित निराशा होती की काय, हे गोरखला अजून ठरवता आलेलं नाही.

वर्षभर त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अधूनमधून संपावर जात होती. चहाचा कप हातातून आपोआप सुटायचा. रात्री हात उशीखाली गेला तर सकाळी कुणा परक्याचा हात अंथरुणात आल्यासारखा वाटायचा. त्याची करंजवाडी म्हणजे हिंजवडीजवळ, नेऱ्याच्या अलीकडचं गाव. शेतीत पूर्वीइतकं काम उरलेलं नसल्यानं तिथल्या लोकांना दुसऱ्याच्या दुखण्याकडे लक्ष द्यायला वेळ असतो. गॅस, हार्ट, मोबाइल, करणी असं सगळं सांगून झालं. गोरखच्या सहा खोल्यांत हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं भाड्यानं राहत. त्यांनी एकमतानं सांगितलं, की हे कॉम्प्युटरवर बसल्यानं होतं. गोरखकडे कॉम्प्युटर नव्हता. तरी त्यानं महिनाभर पोरांच्या खोलीत जायचं बंद केलं.

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म दिव्यावर लावली. "ही बघा. बरगडी छातीत असते, ही मानेच्या शेवटच्या मणक्यापासून निघालीय. एक जादा. जन्मापासून आहे. बऱ्याच जणांना असते आणि आयुष्यभर पत्ता लागत नाही. तुमची मात्र नसांवर आणि रक्तवाहिनीवर टेकतेय."

"मंग काढायची?" गोरखनं विचारलं.

"इतक्यात नको. व्यायाम सांगतो तेवढे करा. पोक काढून बसू नका, खांद्यावर ओझं घेऊ नका. हाताची ताकद कमी झाली किंवा बोटं पांढरी पडायला लागली तर मात्र लगेच या. आणि हो, हात डोक्याच्या वर धरून ठेवायचा नाही."

शेवटच्या वाक्याला गोरखनं मान खाली घातली. यात्रा तीन आठवड्यांवर आली होती.

करंजवाडीत भैरवनाथाची पालखी चैत्रात देवळातून निघते आणि ओढ्यावर स्नानाला जाते. पालखीशेजारी अब्दागिरी चालते. उंच काठी आणि तिच्या टोकाला सुपाएवढी, जरीची गोल झालर, देवाला ऊन लागू नये म्हणून. ती धरण्याचा मान गोरखच्या घराचा. धरायची उजव्या हातानं, आणि हात कानाच्या वर. का, ते कुणाला माहीत नव्हतं. गोरखचा पणजोबा तशी धरायचा, एवढं पुरेसं होतं. ओढा यायच्या आत काठी खाली आली, तर मान भावकीतल्या पुढच्या घराला जातो. असं कधी घडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण नियम लहान पोरांनासुद्धा पाठ होता.

भावकीतलं पुढचं घर म्हणजे हनुमंत. गोरखचा सख्खा चुलतभाऊ, वयानं सारखा, उंचीनं एक वीत कमी. अकरा वर्षांपूर्वी बांधावरच्या आंब्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. पुढं आंबा रस्त्यात गेला, बांधावर सोसायटीचं गेट आलं, बोलणं मात्र कुणी चालू केलं नाही. हनुमंत दर यात्रेत गोरखच्या बरोबर मागं चालायचा आणि काठीकडे बघायचा. भक्तिभावानंच बघायचा, पण काठीकडे.

घरी आल्यावर साधनानं ओट्यावर उभं राहून बहिणीला फोन लावला. करंजवाडीत रेंज फक्त ओट्यावर मिळते, त्यामुळं कुणाचंच काही खासगी राहत नाही. "अगं, मानेची बरगडी निघाली त्येंना," ती ओरडून सांगत होती. "एक जादाची! जन्मापास्नं!"

शेजारी धोंडाबाई शेंगा फोडत बसली होती. वय शहाऐंशी, दात चार, कान एक. त्या एका कानानं तिनं 'मानेची' ऐवजी 'मानाची' ऐकलं. मानाचा नारळ असतो, मानाची कुस्ती असते, मानाचा फेटा असतो. मानाची बरगडी नसावी असं काही शास्त्रात लिहिलेलं नाही. धोंडाबाईनं शेंगा तशाच टाकल्या आणि देऊळ गाठलं.

संध्याकाळपर्यंत गाव ओट्यासमोर जमलं. "देवानं मानकऱ्याला वळखून मानाची बरगडी दिलीया," धोंडाबाई सांगत होती. "दुसऱ्या कुनाला हाय का? न्हाई! डाक्तरनं फोटू काडलाय!" एका बाईनं गोरखच्या मानेला हळदकुंकू लावलं. दुसरीनं नातू पुढं केला आणि त्याचं डोकं बरगडीवर टेकवलं. ते टेकल्याबरोबर गोरखच्या करंगळीत झिणझिण्या आल्या आणि त्यानं तोंड वाकडं केलं. लोकांना ते अंगात आल्याचं लक्षण वाटलं.

"सांगा की त्यास्नी," साधना आत आल्यावर म्हणाली. "मानेची म्हनून."

"सांगतो की."

गोरख खोटं बोलला नाही. त्याला फक्त खरं बोलायला सवड मिळेना. असे तेरा दिवस गेले.

तिकडं हनुमंतची झोप उडाली. पणजोबा एक, रक्त एक, मग बरगडी एकालाच कशी? तो हिंजवडीला एक्स-रे काढायला गेला.

"कुठं दुखतंय?" तिथल्या माणसानं विचारलं.

"दुखत न्हाई," हनुमंत म्हणाला. "त्येच दुखतंय."

एक्स-रे स्वच्छ निघाला. एकही जादा हाड नाही. हनुमंतनं मशीन खराब असेल म्हणून पौडला जाऊन दुसरा काढला. तोही तसाच. मग भावकीतली आणखी चौघं जाऊन आली. चौथ्याला तिथल्या माणसानं विचारलं, "तुमच्या गावात अपघात झालाय का काही?" तो म्हणाला, "न्हाई, यात्रा हाय."

इकडं गोरख गच्चीवर सराव करत होता. डिश अँटेनाचा जुना पाइप उजव्या हातात, हात कानाच्या वर, आणि समोर साधना मोबाइलमध्ये वेळ बघत. पहिल्या दिवशी एक मिनिट चाळीस सेकंद. डॉक्टरांचे व्यायाम, म्हणजे मान तिरकी करणं, खांदे मागं ओढणं, श्वास घेणं, त्यानं इमानेइतबारे केले. तेराव्या दिवशी दोन मिनिटं दहा सेकंद.

"मिरवणूक किती वेळ चालती?" साधनानं विचारलं.

"चाळीस मिन्टं."

"आन डीजे?"

"डीजे धरून सव्वा तास."

साधनानं मोबाइल बंद केला. "डाक्तरनं वर धरू नका म्हनून सांगितलंय, आन तुमी गच्चीवर पाइप धरून हुबं. हात ग्येला म्हंजी मान चाटत बसनार का?"

"मान ग्येला तर हात काय चाटू?" गोरख म्हणाला. "बाऽ धरायचा, आजा धरायचा. माझ्या हातात आली आन हनम्याकडं ग्येली, असं म्हनत्याल."

"मंग हनमंत भावजींना आधी सांगून ठिवा, मदत करा म्हनून."

"आमी बोलत न्हाई," गोरख म्हणाला, आणि विषय तिथं संपला.

यात्रेच्या दिवशी दुपारी चारला पालखी निघाली. देवळाची व्यवस्था बघणारे बहिरूअण्णा पुढं, मग ढोल, मग पालखी, शेजारी गोरख, मागं हनुमंत. बायकांत साधना, तिची नजर नवऱ्याच्या बोटांवर. सगळ्यात मागं टेंपोत डीजे, देवाला ऐकू यावं अशा आवाजात.

किराणा दुकानापर्यंत करंगळी गेली. दूध डेअरीपाशी तिच्या शेजारची गेली. गोरखनं खांदा मागं ओढला, मान तिरकी केली, श्वास घेतला. गावाला वाटलं, मानकरी मग्न झालाय. पिठाच्या गिरणीपाशी तळहात गार पडला. काठी हातात आहे हे आता त्याला फक्त डोळ्यांनी कळत होतं. डाव्या हातानं त्यानं उजव्या कोपराला आधार दिला. हे नियमात बसतं का, यावर मागं दोघांची कुजबुज सुरू झाली.

आणि पालखी थांबली. नेमकी हनुमंतच्या दारात. त्याच्या घरच्या बायका औक्षण करायला पुढं आल्या. ताट ओवाळताना त्यांना वर्षभराचं सगळं देवाला सांगायचं होतं. गोरखच्या हाताची बोटं पिठासारखी पांढरी झाली. झालर आधी डावीकडं झुकली, मग उजवीकडं. साधनानं पदर तोंडाला लावला.

गोरखनं मागं वळून पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"हनम्या, धर."

हनुमंत जागचा हलला नाही. ज्या काठीसाठी तो अकरा वर्षं मागं चालला होता ती त्याच्या तोंडासमोर येत होती आणि त्याचे हात अंगाला चिकटले होते. "मला न्हाई," तो म्हणाला.

"काय न्हाई?"

"बरगडी न्हाई मला. दोनदा बगितली. देवाचा कोप हुईल."

"आरं धर म्हंतो ना!"

"मानाची बरगडी न्हाई मला!"

"आरं यड्या, मानाची न्हाई, माऽनेऽची हाय ती!" गोरख ओरडला. "आजार हाय, आजार! हात मेलाय माझा!"

डीजेवाला नेमका त्याच क्षणी गाणं बदलत होता.

सगळ्या गावानं ऐकलं. ओवाळायचं ताट हवेत थांबलं. "काय म्हनला त्यो?" धोंडाबाईनं विचारलं. "आजार म्हनला," कुणीतरी तिच्या चालू कानात सांगितलं.

काठी सुटली. हनुमंतनं झेप घेतली आणि हवेतच पकडली, उजव्या हातानं, कानाच्या वर, टाचा उचलून. झालर दोनदा डुलली आणि देवावर पुन्हा सावली आली.

"आजार?" हनुमंत काठीखालून म्हणाला. "आन मी मशिनीपुढं दोनदा उघडा हुबा ऱ्हायलो!"

"मी सांगितलं व्हतं का ऱ्हा म्हनून?"

"आजार हाय म्हनून सांगायचंस की मला!"

"बोलत कुटं व्हतो आपन!"

गोरखनं हात खाली सोडला. बोटांत आधी सुया टोचल्या, मग ऊब आली, मग रंग. बाकी सगळ्यांनी बहिरूअण्णांकडं पाहिलं. काठी मानकऱ्याच्या हातून सुटली होती. अण्णांनी फेटा सरळ केला, देवाकडं पाहिलं, मग पाठीमागं डीजेच्या तासाच्या भाड्याकडं पाहिलं.

"काठी भुईला लागली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मंग खाली आली न्हाई. चला फुडं."

पालखी उचलली. गोरख हनुमंतच्या शेजारून चालू लागला, मोकळ्या हातानं. मान गेला की राहिला, हे त्याला कळत नव्हतं. पण आपल्याला पाचही बोटं आहेत हे बऱ्याच दिवसांनी कळत होतं. शाळेच्या वळणावर हनुमंतचा चेहरा बदलला.

"गोरख."

"काय?"

"मुंग्या आल्या रं."

"कुटं?"

"सगळीकडं. तू चाळीस चाळीस मिन्टं कसं धरायचास?"

"तवा तरना व्हतो. दे हिकडं."

गोरखनं काठी घेतली. दोन मिनिटं दहा सेकंदांनी परत दिली. धोंडाबाईनं हे पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं, "बग, त्यालाबी फुटली बरगडी. भावकी हाय ती, फुटल्याबिगर ऱ्हानार हाय व्हय?" आजाराची बातमी तिच्या चालू कानातून आत गेली होती, पण पुढं कुठं पोचली नव्हती. ओढा येईपर्यंत काठी नऊ वेळा इकडून तिकडं झाली. पाचव्या वेळेला दोघं आंब्यावरून भांडत होते, मोठ्यानं आणि मनापासून, अकरा वर्षांचं साचलेलं. साधनाला इतकं बरं वाटलं, की तिनं मधे पडून हनुमंतची बाजू घेतली.

ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. काठी वाळूत रोवली, देवाचं स्नान झालं, गुलाल उडाला. गावाचं इन्स्टाग्राम चालवणारा फोटोवाला दगडावर चढला आणि ओरडला, "मानकऱ्यांनी पुढं या! उजवा हात वर, आणि चांगभलं!"

गोरखनं हनुमंतकडं पाहिलं, हनुमंतनं गोरखकडं. दोघांनी एकदमच डावा वर केला.