तांदूळदात

मी एक दात बोलतोय. वरच्या ओळीत, पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा. शेजारी कसे ऐटीत उभे आहेत! मी मात्र त्यांच्या निम्म्या उंचीचा, टोकाकडे निमुळता. मला घडवताना कोणी हात आखडता घेतला, कोण जाणे.

बाहेर येण्याआधी कितीतरी वर्षं मी हाडातल्या उबदार अंधारात झोपून होतो. बाहेरचं सगळं हाडातून झिरपत यायचं. पोरीचं रडणं, आईचं गुणगुणणं आणि बाबांचं गडगडाटी हसणं. ते हसणं ऐकतच मी वाढलो.

दुधाचा दात पडला आणि मी डोकं वर काढलं. आईचा चेहरा उतरला. बाबांनी मात्र लेकीला आरशासमोर उभं केलं आणि आपला ओठ वर केला. त्यांच्याकडेही तिथेच माझ्यासारखा एक होता.

"आपल्या दोघांचा तांदूळदात," ते म्हणाले.

शाळेत पोरांनी चिडवून भंडावून सोडलं. मग लेक तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तळहाताआड पेंगत माझी वर्षं गेली. वाईट वाटायचं मला.

पुढे बाबांचे सगळे दात काढावे लागले. त्यांची कवळी मिळणार होती, त्याच दिवशी त्याच दवाखान्यात लेक मला झाकणारी कॅप बसवून घ्यायला आली. कवळी बनवणाऱ्याकडे बाबांच्या जुन्या दातांचा साचा होता. त्यातला बारका दात पाहून त्याला वाटलं, प्लास्टर तिथे तुटलंय. त्याने बिचाऱ्याने छान भरीव दात लावून दिला.

कवळी बसवून बाबा हसले. आवाज तोच होता, पण लेक बघतच राहिली.

"बाबा, दुसरंच कोणीतरी हसतंय."

बाबांनी आरसा घेतला. ओठ वर करून पाहिलं.

"गेला की गं आपला तांदूळ."

लेकीने तोंडावरचा हात काढला.

"डॉक्टर, माझ्या दाताचा साचा घ्या. बाबांना अगदी अस्साच हवा."

"आणि तुमची कॅप?"

"बघू नंतर."

थंडगार, मऊ लगद्यात मी बुडालो. क्षणभर पुन्हा जन्माआधीचा अंधार झाला.

आता बाबांच्या कवळीत माझा जुळा भाऊ आहे. कॅपचं अजून 'नंतर'च चाललंय. उद्या तिने ती बसवलीच, तर माझा रुसवा नाही. अंधाराची मला सवय आहे. फक्त बाबांना तिच्याजवळ बसून हसत राहायला सांगा. मला हाडातून ऐकू येतं.