नावाने आमची

श्पिरोने डोक्यावरची टोपी काढली आणि त्या टोपीनेच थडग्यावरचा पाचोळा झटकला.

"वाच."

मारिसोलने वाचलं. बार्तुल मार्गेतिच, जन्म १८९२. तिच्या पणजोबांचं नाव हेच, सालही हेच. त्यांचं घराणं शोधत ती चिलीहून या बेटावर आली होती.

"पण ते तिकडे वारले," लहानपणी कानावर पडलेल्या बेटाच्या बोलीत, मोडकंतोडकं ती म्हणाली. "मी स्वतः मूठभर माती टाकलीय."

"हा माझा बाप. बेट सोडून कुठे गेला नाही. आणि या नावाचा दुसरा कुणी गावात नव्हता."

मारिसोलने दगडावरच्या आडनावावरून बोट फिरवलं. ते आडनाव तिच्या मुलांनाही लावलेलं होतं.

श्पिरोची बायको दिन्का फुलं ठेवता ठेवता थांबली.

"काय करायचा ग तुझा पणजोबा?"

"मेंढ्या राखायचे. किनाऱ्यावर राहून मासा कधी तोंडात घातला नाही. वास आला की उठून जायचे."

"मग कसला आमचा? आम्ही मासेमारी करणारे. तो वरच्या वाडीच्या मेंढपाळांतला असणार," दिन्का हसली.

श्पिरो हसला नाही.

"बापाचे चिलीला जायच्या बोटीचे कागद हरवले होते. समुद्रात पडले म्हणायचा. आजी मरेपर्यंत त्याला त्यावरून टोचत राहिली. त्याच सुमाराला वरच्या वाडीचा व्लाहो नाहीसा झाला. त्याला लष्करात बोलावणं आलं होतं. लोक म्हणाले, कड्यावरून पडला."

"म्हणजे पणजोबांनी ते कागद चोरले?" मारिसोलने हळूच विचारलं.

"दिले असतील," दिन्का नवऱ्याकडे वळली. "तुझ्या बापाला जायचं होतंच कुठे? लग्नाआधी सासूबाई शेजारच्याच घरात राहायच्या ना."

श्पिरोने टोपीला चिकटलेला पाचोळा झटकला.

"गेला असता, तर मी कुठून आलो असतो?" टोपी डोक्यावर चढवत तो म्हणाला. "चल पोरी."

वरच्या वाडीत आता एकच घर नांदतं होतं. व्लाहोची पुतणी पेरिना दारात शेंगा सोलत बसली होती. चढाने दमलेल्या श्पिरोकडे तिने पाहिलं, मग मारिसोलकडे.

"कोणाची ग तू?"

मारिसोलने श्पिरोकडे पाहिलं.

"नावाने आमची," श्पिरो म्हणाला. "बाकीची तुमची असावी. बघ जरा."

पेरिनाने हात पुसले, उठली आणि मारिसोलची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला.