लाँड्रीवाल्याचे तळहात

डाग दिसला की घासायचा, ही लाँड्रीवाल्याची सवय पार हाडीमाशी भिनलेली. तेल असो, शाई असो, कढत पाणी आणि साबण यांच्यापुढे त्याने डाग टिकू दिला नव्हता. म्हणून तीन वर्षांच्या चिमणीच्या गुडघ्यामागे पहिला लालसर चट्टा उठला, तेव्हाही त्याने तेच केलं. सकाळ-संध्याकाळ कढत पाण्याची आंघोळ, वर साबणाचा जाड फेस आणि खसाखसा घासणं.

"जाईल गं बाळा, जाईल," तो म्हणायचा. पोर किंचाळायची. त्याचं काळीज तुटायचं, पण हात थांबायचा नाही.

चट्टा गेला नाही. तो कोपरात आला, मानेवर आला, महिन्याभरात गालांवर चढला. चिमणी खाजवून खाजवून रक्त काढू लागली. रोज सकाळी उशीच्या अभ्र्यावर नवे तांबडे ठिपके दिसायचे, आणि तेही तो घासून धुवायचा.

दोष कुणाचा, हे मात्र घरात केव्हाच ठरून गेलं होतं. त्याच्या आईनेच ठरवलं होतं. "आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही. हे सगळं हिच्या माहेरचं! पोटुशी असताना काय काय खाल्लं, देव जाणे." सूनबाई खाली मान घालून ऐकून घ्यायची. मग आजीने नातीचं दूध तोडलं, अंडं तोडलं, शेंगदाणे तोडले. सूनबाईने दवाखान्यातून आणलेलं मलम "कातडी जाळतं" म्हणून कपाटाच्या तळाशी टाकून दिलं. पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या.

शेवटी एका दुपारी आजीने फर्मान काढलं, "रविवारी हिला माहेरी पोचव. पोर इथेच राहील. आईपासून लांब राहिली तरच ती सुधारेल."

लाँड्रीवाला इस्त्री फिरवत राहिला. आईपुढे तोंड उघडायची त्याची छाती झाली नाही. बायकोने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि आपली बॅग भरायला घेतली.

शनिवारी सकाळी चिमणी हाका मारूनही उठेना. अंग भाजत होतं, गालांवरच्या चट्ट्यांतून पिवळं पाणी वाहत होतं, आणि रडायचंही त्राण उरलं नव्हतं. नवरा-बायको तिला उचलून दवाखान्यात धावले. मागून आजीही आली, तोंडाचा पट्टा चालूच!

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बोलायला सडेतोड. पोरीला सलाईन लावून त्या बाहेर आल्या. "हा एक्झिमा आहे, म्हणजे इसब. घासून घासून कातडी फाटली आणि आत जंतू शिरलेत. आणखी दोन दिवस घरी ठेवली असती तर..."

"आता तरी हिला समजावा," आजी म्हणाली. "आईच्या अंगातलंच लेकरात उतरलंय."

डॉक्टरबाई लाँड्रीवाल्याकडे वळल्या. "तुमचे हात दाखवा बरं."

त्याने तळहात पुढे केले. भेगाळलेले, कोरडेठाक, त्यावर बारीक रेषांचं दाट जाळं. "सोड्या-साबणाने झालंय हो," तो ओशाळून म्हणाला. "धंदाच तसला."

"मुलीच्या तळहातावरही अश्शाच रेषा आहेत. तिनं कुठं लाँड्री चालवली? घरात आणखी कुणाचे हात असे आहेत?"

त्याला थोरली बहीण आठवली. ती शाळेत शिकवते, सोड्याला कधी हात लावलेला नाही, तरी तिचे तळहात असेच. आणि मग एकाएकी दुसरंच काही आठवलं. आपल्या इवल्याशा मुठींना गुंडाळलेली फडकी, आणि ती दातांनी सोडवताना होणारी तगमग.

"आई," तो हळूच म्हणाला, "लहानपणी तू माझ्या हातांना फडकी बांधायचीस. कशासाठी गं?"

आजीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मान फिरवली.

"आई, मी विचारतोय!"

"तुलाही असेच चट्टे उठायचे. तू खाजवू नयेस म्हणून," ती कशीबशी बोलली. "तुझ्या वडिलांचे हात असेच होते. पण तुझ्या आजीने मलाच बोल लावला. म्हणाली, हिच्याच रक्तात खोट आहे. म्हणून पुढे मी कुणाला कळूच दिलं नाही."

अरेरे! जे स्वतः सोसलं, तेच तिने सुनेच्या पदरात टाकलं होतं.

"खोट कुणाच्याच रक्तात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काहींच्या जनुकांत जन्मतःच बारीकसा फरक असतो. तो आईकडून येतो, बापाकडून येतो, कधी दोघांकडून. त्यामुळे कातडीची वीण विरळ राहते, आणि तळहातावरचं हे रेषांचं जाळं बहुधा त्याचीच खूण. आतली ओल उडून जाते, बाहेरची धूळ आणि जंतू आत शिरतात. फरक असूनही काहींना आयुष्यभर त्रास होत नाही, आणि नसतानाही काहींना होतो. पण असला तर धोका वाढतो, आजार जोर धरायची भीतीही जास्त. काय हो, विरळ विणीचं तलम कापड तुम्ही कढत पाण्यात घासता?"

"छे! चिंध्या होतील."

बोलला आणि स्वतःच्याच हातांकडे बघत राहिला. या हातांनी पोरीला दिवसातून दोनदा घासलं होतं! तो तिथल्या बाकावर बसला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

"कोमट पाणी, तेही थोडाच वेळ. अंग ओलसर असतानाच दाट क्रीम. मलम सांगितलं तेव्हा, सांगितलं तेवढं. आणि तपासल्याशिवाय पोरीचा घास तोडायचा नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं. "हा आजार परतून येऊ शकतो. तेव्हा घरातले भांडत बसले, तर पोरीकडे कोण बघणार?"

ताप उतरायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत चिमणीची आई एकदाही तिच्याजवळून हलली नाही, आणि तिला हल म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. घरी आल्यावर लाँड्रीवाल्याने दारातली बॅग उचलली आणि बायकोचे कपडे एकेक करून कपाटात परत ठेवले. "माझं चुकलं," तो म्हणाला. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं." बायकोने लगेच माफ केलं असं नाही. आजीने कपाटाच्या तळातून मलम काढलं आणि सुनेपुढे धरलं. "कसं लावायचं, मला दाखवतेस?"

मंडळी, लेकराच्या आजाराला आईवडिलांपैकी कुणीच गुन्हेगार नसतं. जे जन्मासोबत आलं त्याचा जाब कुणाला विचारायचा नसतो, त्यावर औषध करायचं असतं. चिमणी थोडक्यात वाचली. पण आज, या घडीला, कुठल्या तरी घरात एक पोर खाजवून रक्त काढतंय, आणि शेजारच्या खोलीत त्याची आई बॅग भरतेय. ते घर आपलं तर नाही ना, एवढं प्रत्येकाने बघावं.