एकीनं कापायचं, दुसरीनं निवडायचं

साबणाची वडी सुरीपेक्षा दोऱ्यानं सरळ कापली जाते.

*

पापण्या नसल्या की डोळ्यांत काय काय जातं, ते पापण्या असणाऱ्यांना सांगून कळत नाही.

*

एक फोटो. दोन लहान मुली, दोघींची डोकी तुळतुळीत, दोघी हसतायत. "उवा झाल्या होत्या," आई सांगते. बघणाराही हसतो आणि पान उलटतो.

*

"गोळी चावायची नाही हं. अख्खी गिळायची."

*

तरणतलावात केस सापडला की लोक तक्रार करतात. टक्कल सापडलं तर कुणाकडे करणार?

*

शाळेच्या खानावळीत पळी एकच. ज्याचा बाप साहेब त्यालाही तेवढंच, ज्याला बापच नाही त्यालाही तेवढंच.

*

आता हे सगळं एका धाग्यात ओवू. धागा जरा गुंतलेला आहे, पण सुटेल.

घरात तिघी. आई शाळेच्या खानावळीत वाढायची, ती आता निवृत्त. थोरली चष्म्याच्या दुकानात. धाकटी तरणतलावावर पोहायला शिकवते. थोरली तिला बदक म्हणते, धाकटी थोरलीला ताई म्हणते, आणि आई दोघींना एकाच दमात हाक मारते, म्हणजे कुणाला आधी बोलावलं हा वादच नको. त्या घरात वाद म्हणजे वाटणीचा वाद, आणि त्यावर आईचा कायदा जुना होता: एकीनं कापायचं, दुसरीनं निवडायचं. कापणारी मग सुरी कशी जपून चालवते बघा! साबणाची वडीसुद्धा अशीच कापली जायची, दोऱ्यानं.

केसांची वाटणी मात्र कुणी विचारून केली नव्हती. थोरलीचे पहिल्यांदा गेले ते शाळेत असताना. आधी रुपयाएवढा चट्टा, मग डोकं, मग भिवया, पापण्या. नंतर आले, पुन्हा गेले. पहिल्या वेळी धाकटीच्या डोक्यावरही वस्तरा फिरलेला होता, उवांमुळे, म्हणून शाळेत थोरलीला एकटीला कुणी चिडवलं नाही. नशीब म्हणायचं. धाकटीचे गेले ते अलीकडे, लग्न मोडलं त्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, अंगातली फौजच केसांच्या मुळांना शत्रू समजते. धाकटी म्हणाली, "म्हणजे आपल्याच माणसानं केसानं गळा कापायचा. सवय आहे मला."

मग नव्या गोळीची चाचणी निघाली. मोठ्या इस्पितळात, मागच्या बाजूला, जिथे भिंतीला अजून रंगाचा वास होता. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी फसवी. कुणाला कुठली, ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही, नर्सलाही नाही. आणि एक अट: एका घरातलं एकच माणूस.

"असं का?" थोरलीनं विचारलं.

"एका घरात दोन बाटल्या गेल्या की गोळ्या इकडच्या तिकडे होतात," नर्स म्हणाली.

"लोकांचा माणसांवर विश्वासच राहिला नाही," थोरलीकडून हे ऐकून धाकटी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तलावामागच्या जुन्या खोलीचा पत्ता देऊन स्वतःचंही नाव घालून आली. आडनाव तर लग्नापासून वेगळंच होतं.

तेव्हापासून इस्पितळात त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसायच्या. एकदा धाकटी मुद्दाम उठून आली. "ताई, इथे कुणी बसलंय का हो?" थोरलीला घाम फुटला. पण ताई काय, बायका कुणालाही म्हणतात. ती नुसती सरकली. धाकटी शेजारी बसून मासिकाच्या आड खिदळत राहिली.

*

थोरली मुळातच संशयी. लोक ताक फुंकून पितात, ही पाणी गाळून मग फुंकणार. दिवसभर लोकांचे चेहरे वीतभर अंतरावरून बघायचे, नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे काडी वाकवायची. गिऱ्हाईक "छान बसला" म्हणतं, पण कुठेतरी टोचत असतं आणि ते कपाळावर दिसतं. ती स्वतः जाड काळी फ्रेम लावायची. नंबर काहीच नाही. भिवयांच्या जागी काहीतरी हवं म्हणून.

तर नर्स तिच्या डोक्यावर चौकटी आखलेला पारदर्शक कागद धरून फोटो काढायची, तेव्हा थोरली आरशातून नर्सचं कपाळ वाचायची. आज ही हसली नाही. गेल्या वेळी हसली होती. त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याशी तर मघाशी गप्पा मारत होती. म्हणजे हिला माहीत आहे. म्हणजे मला खडू मिळतोय.

मग डाव्या डोळ्याच्या वर जावळ आलं. तान्ह्या बाळाला असतं तसं, उजेडात धरलं तरच दिसणारं. थोरली नाचली नाही. आरशात बघून म्हणाली, "उजव्या बाजूला का नाही?"

धाकटीच्या कानामागे आलं. मग मानेवर. थोरलीच्या टाळूवर बेटं उगवली, धाकटीच्या कपाळावर झालर. दोघींचं अर्धंमुर्धं. आई दोघींच्या डोक्यांवरून एकाच वेळी दोन हात फिरवायची आणि काही बोलायची नाही. हे काही न बोलणं थोरलीनं त्या वेळी मनावर घेतलं नाही. इथेच चुकलं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र फोटो दोनदा बघितले. "गोळी रोज घेता ना? तुम्हीच घेता ना?"

"मग काय शेजारी घेतात?"

"विचारावं लागतं," बाई म्हणाल्या, आणि कपाळावर आठी ठेवूनच हसल्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण थोरलीनं चोरी केली नव्हती, तरी मनात लख्ख उजाडलं: कुठेतरी पाणी मुरतंय.

*

आता गोळीविषयी. थोरलीला लहानपणापासून गोळी गिळता येत नाही, ती दातानं दोन तुकडे करते. इस्पितळात तिनं हे सांगितलं नव्हतं; तेवढ्यावरून काढून टाकतील म्हणून. तर एक दिवस गोळी कडूजहर लागली, जिभेच्या मुळाशी बसली. दुसऱ्या दिवशीची भिंतीच्या चुन्यासारखी. मग पुन्हा कडू. एकाच बाटलीतून.

तिनं आधी इस्पितळावर संशय घेतला, मग कारखान्यावर, मग स्वतःच्या जिभेवर. शेवटी उरतं कोण? घरचंच माणूस. दोन्ही बाटल्या स्वयंपाकघरात एकाच फळीवर असायच्या. बदकाला खरी गोळी मिळाली असेल, आपल्याला फसवी, असं तिला आधीपासून वाटत होतं. आता उलटं वाटू लागलं. खरी आपलीच, आणि बदक त्यातल्या उचलतंय, स्वतःच्या खडूच्या गोळ्या जागेवर टाकतंय.

दुकानातून तिनं चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस आणला. स्नानघराची कडी लावून आपल्या बाटलीतल्या गोळ्यांवर एकेक रेघ ओरखडली. केसाएवढी.

पुढच्या आठवड्यात धाकटी कामावर गेल्यावर तिनं धाकटीची बाटली हातावर पालथी केली. रेघा होत्या.

*

तरणतलावात कुजबुजता येत नाही. आवाज छताला आपटून परत येतो. थोरली चपला हातात घेऊन काठावर उभी, धाकटी छातीभर पाण्यात, डोक्यावर निळी रबरी टोपी. शिकायला आलेल्या बायका पलीकडे फळ्या धरून पाय मारत होत्या.

"बदके, इकडे ये."

"शिकवतेय मी."

"माझ्या गोळ्या कधीपासून घेतेस?"

धाकटीनं पाण्यातूनच वर बघितलं. "काय?"

"खूण केली होती मी. तुझ्या बाटलीत सापडल्या."

"माझ्या बाटलीत हात घातलास तू?"

"ते सोड, आधी..."

"ते कसं सोडू? मला वाटतच होतं! तुझी ती भिवई काय उगाच आली? मी म्हटलं, जाऊ दे, ताई आहे, लहानपणापासून सोसलंय तिनं, घेत असेल चार. आणि तू माझ्यावर येतेस?"

"मी नाही घेतल्या."

"मी पण नाही घेतल्या!"

हे वाक्य छताला आपटून परत आलं. पाय मारणाऱ्या बायका थांबल्या. थोरलीनं धाकटीचं कपाळ वाचलं. तिथे टोचल्याची खूण नव्हती.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "फळी कोण पुसतं आपल्याकडे?"

*

आई ताटं पुसत होती. तिनं काही लपवलं नाही, लपवण्यासारखं आहे असं तिला वाटतच नव्हतं.

"दर रविवारी करते. दोन्ही बाटल्या मोठ्या पातेल्यात ओतायच्या, हलवायच्या, परत सारख्या भरायच्या. झाकणं कसली मेली ती, दाबून फिरवावी लागतात. मनगटं भरून येतात माझी."

"आई, अगं ती चाचणी आहे!"

"मग? सगळ्यात आधी तुम्हीच म्हणालात, एकीला खरी, एकीला खोटी असेल. हे काय वाढणं झालं? अशी पळी मी जन्मात कुणाच्या ताटात घातली नाही."

"दोघींना खरीच असती तर?" धाकटीनं विचारलं.

"तर काय बिघडलं? ढवळल्यानं काय नासतं?"

"आणि दोघींना खोटी असती तर?"

"तर दोघींना नसते आले." आईनं ताट फळीवर उभं केलं. "एकीचे आले आणि एकीचे नाही, तर मी समोर बसून कुणाकडे बघू? ते सांगा मला."



*

थोरलीला इस्पितळात तिसऱ्या खुर्चीवर बसणारी एक मुलगी आठवत राहिली, पुस्तकात नाक खुपसून बसणारी, पान न उलटणारी. डॉक्टरीणबाई या दोघींचे फोटो तिच्या फोटोंशेजारी ठेवणार. फसव्या गोळीनंही केस येतात म्हणणार, किंवा खरी जेमतेमच चालते म्हणणार. अर्धवट जावळावरून त्या मुलीच्या गोळीचं ठरणार.

"सांगायला हवं," ती म्हणाली.

"आता?" धाकटी उसळली. "आता आठवली तत्त्वं? कपाळावर माझ्या झालर आलीय, ताई. काल आरशात मी भांग पाडायला बघितलं. हसू नकोस."

"हसत नाहीये."

"मग येऊ दे की पुरे. नंतर सांगू."

थोरली बराच वेळ फ्रेम काढून पुसत बसली. मग म्हणाली, "बरं. मी कापते, तू निवड. एक तुकडा: गप्प बसायचं. गोळ्या चालू, केस चालू. पण बाटली कुणाची खरी होती हे तुझ्या मनात राहणार आणि माझ्याही. तू माझी भिवई बघणार, मी तुझी झालर. दुसरा तुकडा: सांगायचं. गोळ्या बंद. केस जातील, दोघींचे."

धाकटीनं दोन्ही तुकडे तोलून पाहिले. त्या घरात कापणारीनं लबाडी केली की निवडणारीला लगेच कळायचं.

"सारखे कापलेस," ती चिडून म्हणाली, आणि चपला शोधायला लागली.

*

तिघी एकत्र गेल्या. नर्सनं एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, मग आईचं नाक बघितलं आणि दोघींची नाकं बघितली. काही सांगायची गरजच उरली नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. डोळे चोळले.

"एकसुद्धा गोळी सांडली नाही हं माझ्या हातून," आई म्हणाली.

"नसेल सांडली," बाई म्हणाल्या. "पण आता तुमच्या दोन्ही मुली चाचणीत धरता येणार नाहीत. बाटल्या इथेच ठेवा."

"खरी कुणाची होती?" धाकटीनं विचारलं.

"मलाही माहीत नाही. सगळ्यांची चाचणी संपली की उघड होईल. तेव्हा येऊन विचारा."

"आणि नाही विचारलं तर?" हे आईनं विचारलं.

"तर नाही कळणार."

बाहेर खुर्चीवर ती मुलगी होतीच. थोरली तिच्यासमोर थांबली, मुलीचा चष्मा नाकावरून घसरलेला होता. काही न विचारता थोरलीनं दोन्ही काड्या कानामागे जराशा वाकवल्या. मुलीनं मान हलवून बघितली. घसरला नाही.

जावळ गेलं. आधी कुणाचं, यावर दोघींचं अजून एकमत नाही. थोरली म्हणते बदकाचं, म्हणजे खरी बाटली बदकाची नसणार. धाकटी म्हणते ताईची भिवई आधी गेली. आई म्हणते, दोघींचं बरोबरच गेलं, मी बघत होते ना. चाचणी संपल्याचं कानावर आलं. इस्पितळाच्या मागच्या दारानं विचारायला अजून तरी तिघींपैकी कुणी गेलेलं नाही. निदान प्रत्येकीचं म्हणणं असं आहे, आणि उरलेल्या दोघींना त्याची खात्री नाही.

*

तो फोटो काढला त्या वर्षी घरात कुणाच्याच डोक्यात उवा नव्हत्या.