दादाच्या खोलीतली गाणी

टेपरेकॉर्डरच्या प्लेच्या बटणाची प्लॅस्टिकची टोपी कधीच निघून गेली होती. आत उरलेली पत्र्याची पट्टी दाबली की अंगठ्यावर एक बारीक चौकोनी वण उमटायचा, आणि तो बुजायच्या आत पहिलं गाणं निम्म्यावर आलेलं असायचं—आजही तिने पट्टी दाबली, वण उमटला, खरखर झाली, आणि मग ती गिटार. एकच सूर, पुन्हा पुन्हा... कोणी दार वाजवत राहावं, आतून कोणी उघडू नये, आणि तरीही त्याने निघून जाऊ नये, तशी.

आज दादाला दवाखान्यातून सोडणार होते. आई-बाबा दुकानाचा टेम्पो घेऊन त्याला आणायला गेले होते आणि जाताना आईने जिन्यावरून हुकूम सोडले होते—चादर बदल, जळमटं काढ, तुझी पुस्तकं बाहेरच्या खोलीत ने. "आणि ते कॅसेटचं खोकं आधी घराबाहेर काढ. त्याच्या नजरेला पडता कामा नये, कळलं?" तिने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं! खोकं तिने आपल्या जुन्या कपड्यांच्या पिशवीखाली सरकवलं होतं, एवढंच.

खोलीत काचेचा एक तुकडा नव्हता. खाली बाबांचं काचेचं दुकान; उभा जन्म त्यांनी लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या, फोटोंना, कपाटांना. दादाने हात खिडकीच्या काचेतून आरपार घातला त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ते हत्यारांची पेटी घेऊन वर आले आणि एकेक काच काढत गेले—कपाटाचा आरसा, शाळेतल्या फोटोवरची, भिंतीवरच्या घड्याळाचीसुद्धा. खिडकीला त्यांनी जाड प्लॅस्टिकचा पत्रा ठोकला. त्यातून समोरचा रस्ता आणि त्यावरची माणसं वाकडीतिकडी दिसायची. जाताना बाबा एवढंच म्हणाले होते, या खोलीत टोकदार काही आणायचं नाही. सुईसुद्धा नाही.

मग खोली रिकामीच होती म्हणून ती अभ्यासाला इथे येऊन बसू लागली. अभ्यास कसला नि काय! पलंगाखाली खोकं सापडलं आणि तिने एक कॅसेट लावून पाहिली, निव्वळ टिंगल करायला. दादा दार लावून हे ऐकत बसायचा तेव्हा ती बाहेरून ओरडायची, "बंद कर तुझे रडके!" तेच ते रडके. गाणारा गातच नव्हता, पुटपुटत होता, याला सर्दीबिर्दी झालीय की काय असं वाटावं. मागे ड्रम म्हणून कोणी खोका बडवत होतं. एका ठिकाणी खुर्ची करकरली होती, एका ठिकाणी चक्क कोणीतरी खोकलं होतं, आणि तो खोकला त्यांनी तसाच ठेवला होता. कुठल्या कंपनीने काढलेली ही गाणी नव्हेतच. चार पोरांनी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून वाजवायचं, घरीच कॅसेटी भरायच्या, झेरॉक्स काढलेल्या कव्हरावर स्केचपेनने रंग द्यायचा आणि मागेल त्याला पोस्टाने धाडायचं—दादाने एकदा कौतुकाने सांगितलं होतं सगळं. तिने नाक मुरडलं होतं.

भाषा परकी, तीही अर्धीमुर्धीच कळत होती. तरी एका दुपारी, तिसऱ्या गाण्यात, ती गिटार जड पावलांनी खाली खाली उतरत गेली आणि तो पोरगा एकच ओळ ओढत राहिला, जणू शब्द संपला तर त्याचंही संपेल... आणि तिने कॅसेट मागे घेऊन ते पुन्हा ऐकलं. तिला रडू आलं नाही. उलट बरं वाटलं. असं वाटणारे आपण एकटेच नाही, कुठेतरी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात हे वाटून झालंय, बोलून झालंय, असं. म्हणजे दादा दाराआड हे ऐकत होता तर. आम्हाला कंटाळून दार लावत नव्हता. दादा, मला कळलं रे, तुझं सगळं कळलं मला, तू फक्त ये—असं ती मनातल्या मनात किती वेळा म्हणाली असेल. तिला दवाखान्यात एकदाही नेलं नव्हतं. त्यामुळे वाक्यं साठत गेली. तो आला की दार लावायचं, तिसरं गाणं लावायचं, आणि सांगायचं. बाकी तिला कोणाला काही सांगायचं नव्हतं.

मावशी म्हणायची, "या रडगाण्यांनीच पोराचं डोकं फिरवलं." आई गप्प बसायची, म्हणजे तिलाही ते पटत असणार. मग मला आवडतात त्याचं काय?—असं मनात आलं की ती आवाज कमी करायची. बंद मात्र करायची नाही.

खाली टेम्पो थांबला. तिने खटकन मशीन बंद केलं.

दादा सुजला होता. गाल, बोटं, मानसुद्धा. फरशी ओली असल्यासारखा जपून जपून पाय टाकत तो वर आला, आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "काय ठमे."

"बघ, किती छान दिसतोय की नाही!" आई नको तेवढ्या मोठ्याने म्हणाली.

जेवताना वाढलं ते सगळं त्याने खाल्लं. पूर्वी पानात चिवडत बसायचा, त्यावरून रोज आईशी वाजायचं. आज आईने वाढलं की खायचा, पुन्हा वाढलं की पुन्हा खायचा. आई हरखून गेली होती. बाबा त्याच्या हाताकडे बघत होते आणि त्यांचं जेवण तसंच राहिलं. मग गोळ्या झाल्या, बाबा दुकानात उतरले, आई जरा पडली.

तिने खोकं आणलं. दार लावलं.

"दादा, मी सगळ्या ऐकल्या. एकूण एक."

"हं."

"हे ऐक. तिसरं."

तो पलंगाच्या कडेला बसला होता, हात मांडीवर. ती त्याचा चेहरा बघत होती. गिटार खाली उतरू लागली, तो पोरगा ओळ ओढू लागला... आता, आता याच्या चेहऱ्यावर काहीतरी येईल. साठवलेलं पहिलं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं.

"हे असं नाहीये," दादा म्हणाला.

"काय?"

"टेप हळू फिरतेय." जीभ जड झालेली, प्रत्येक शब्दानंतर तो थांबत होता. "आतला... रबरी पट्टा सैल झाला असेल. हे फास्ट आहे गाणं, ठमे. आम्ही... नाचायचो यावर."

नाचायचो!

"मोटारीला एक स्क्रू असतो. फिरवला की होतं नीट. स्क्रूड्रायव्हर आहे?"

आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत कोणीतरी आहे असं वाटलं. त्याने हात पुढे केला.

तिच्या कंपासपेटीत होता. चष्म्याची दांडी सारखी ढिली व्हायची म्हणून बाबांनीच दिलेला, बोटभर लांबीचा.

"नाही," ती म्हणाली.

"बरं," दादा लगेच म्हणाला. हात परत मांडीवर गेला. एरवी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं, कप्पान् कप्पा उपसला असता... आता नुसतं बरं. डोळ्यांतलं ते कोणीतरीही निघून गेलं आणि त्याने डोळे मिटून घेतले.

बरोबरच केलं आपण, ती स्वतःला सांगू लागली. बाबांनी सांगितलंय, टोकदार काही नको. कोणीही हेच केलं असतं. आईने पाठ थोपटली असती... पण नाही म्हणताना खिडकी डोळ्यांसमोर आली होती का? हात, काच, रक्त? काही म्हणजे काही आलं नव्हतं. गाणं भरभर वाजेल एवढीच धास्ती वाटली होती. तो स्क्रू फिरेल, चार आनंदी पोरं स्वयंपाकघरात धिंगाणा घालू लागतील, आणि इतके दिवस आपल्याला जे कळलं ते कोणाचंच नव्हतं असं ठरेल. दादाचं तर नाहीच. मग कोणाचं होतं? माझं?

चौथं गाणं सुरू झालं, तेवढंच सावकाश, तेवढंच जड. तिला ते पुन्हा तितकंच आवडलं. लाज वाटावी इतकं आवडलं. दादा शेजारी बसल्या बसल्या पेंगत होता. त्याचा श्वास घरघरत होता आणि याही गाण्यातली ओढलेली ओळ नेमकी त्यात बुडत होती. हा श्वास थांबला तर नीट ऐकू येईल, तिच्या मनात आलं—आणि आपण काय म्हटलं ते कळल्यावरही, वाटायला हवी होती तशी भीती तिला वाटली नाही.