माझ्या हाताला टेकलेली सायकल

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी मला नावं ठेवायला नको. मला त्या सायकलचा हेवा वाटतो. अगदी मनापासून वाटतो.

या घरातल्या वडिलांनी मला स्वतःच्या हातांनी विणलं. त्यांचा धंदाच वेतकामाचा. धाकट्या मुलीचा जन्म झाला, तेव्हा बाळाला घेऊन नीट बसता यावं म्हणून त्यांनी माझे हात जरा रुंद ठेवले. म्हणजे धाकटी माझ्याच मांडीवर वाढली म्हणायची. दात येताना ती माझा उजवा हात चावायची. त्या खुणा अजून आहेत. पुढे ती रुसली की माझ्यातच पाय पोटाशी घेऊन बसायची. औषधाच्या दुकानात नोकरी लागल्याची बातमीही तिने माझ्यात बसूनच सांगितली. पाहुणे आले तर त्यांना दुसरीकडे बसवायचे, कारण ही खुर्ची धाकटीची. तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू!

मग ती आली. बारीक चाकांची, सडपातळ, नखरेल. धाकटीला लांब पल्ल्याच्या शर्यतींचं वेड लागलं आणि घरात त्या सायकलचे लाड सुरू झाले. तिला रोज मऊ फडक्याने पुसायचं, साखळीला तेल द्यायचं, चाकांतली हवा दाबून बघायची. माझ्यावर मात्र घामट कपडे वाळत पडायचे. आणि ही बया टेकायची कुठे? माझ्याच उजव्या हाताला! धाकटीच्या दातांच्या खुणांवर तिच्या साखळीचा काळा डाग बसला. माझा नुसता जळफळाट व्हायचा. धाकटी आता माझ्यात बसायची ती बुटांचे बंद बांधण्यापुरती.

पण मित्रांनो, माणूस कसा बसतो यावरून खुर्चीला बरंच कळतं. आधी ती धपकन बसायची आणि तितक्याच झटक्यात उठायची. मोठी शर्यत जवळ आली तसे तिने सुट्टीचे दिवसही सरावात घातले. मग ती माझे दोन्ही हात धरून, म्हातारीसारखी हळूहळू बसायला लागली. बंद बांधून झाले तरी उठायची नाही. झोप लागत नाही म्हणायची. सकाळी डोळे उघडताच छाती धडधडायची. सर्दी हटत नव्हती, अन्नावरची वासना उडाली होती. थोरली बहीण काही बोलली की ती खेकसायची. आणि इतकं करून सायकलचा वेग वाढण्याऐवजी कमीच होत होता.

"मीच कमी पडतेय," ती म्हणाली. "अजून वाढवायला हवं."

"अगं, आरशात बघ जरा स्वतःला!" थोरली म्हणाली.

"तुला नाही कळायचं, ताई. आता थांबले तर सगळी मेहनत पाण्यात जाईल."

मला सगळं कळत होतं, पण खुर्चीला विचारतं कोण?

एके दिवशी ती सायकल हातात धरून चालतच परत आली. चाकात हवा होती, साखळी जागेवर होती. डोक्यावरचं हेल्मेटही न काढता ती माझ्यात बसली आणि रडायला लागली.

"काय झालं गं?" वडिलांनी विचारलं.

"बाबा, तो पूल... रोजचा पूल. पायच उचलेनात."

वडील तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आल्यावर वडिलांनी थोरलीला सांगितलं, तपासण्यांत दुसरा काही आजार निघाला नाही. सराव कमी पडला नव्हता, विसावा कमी पडला होता. काही आठवडे सायकलला हात लावायचा नाही, पोटभर जेवायचं, झोपायचं, आणि यंदाची शर्यत सोडायची. पुन्हा शर्यतीत उतरता येईल का, असं तिने विचारलं होतं. घाई केली नाही तर येईल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

सायकल मागच्या खोलीत गेली. तिच्यावर जुनी चादर पडली. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या! कामावरून आली की धाकटी माझ्यात बसायची, माझ्यातच डुलकी काढायची. पण डोळे उघडले की नजर मागच्या खोलीच्या दाराकडे. बसायचं माझ्या मांडीवर आणि जीव त्या टवळीत! मला वाटायचं, बाई गं, बरी होऊच नकोस, म्हणजे इथेच राहशील.

ती बरी होत गेली. आधी झोप परतली, मग भूक, मग ताईशी भांडून लगेच हसणं. एका संध्याकाळी ती आली आणि धपकन माझ्यात बसली. माझा वेत करकरला. ती बरी झाल्याचं घरात सर्वांत आधी मला कळलं. आता ती जाणार, हेही कळलं. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी अर्धा तास, सपाट रस्त्यावर, हळूहळू चालवायची परवानगी दिली. ती निघाली तेव्हा बाहेरून तिच्या जुन्या सोबत्यांच्या हाका ऐकू आल्या. "चल गं, पुलापलीकडे जाऊन येऊ!" संपलं, मी म्हटलं. आता ही काही लवकर येत नाही.

पण ती लवकरच आली.

"इतक्यात? पंक्चर झाली की काय?" थोरलीने विचारलं.

"नाही गं. ते गेले पुढे. मला पुलापाशी पाय जड वाटले, मग वळले."

तिला वळायला कोणी सांगितलं नव्हतं. तिने सायकल समोरच्या भिंतीला टेकवली आणि माझ्यात येऊन बसली. मग तिला माझ्या हातावरचा काळा डाग दिसला. तिने सायकलचंच मऊ फडकं घेतलं आणि तो बराच वेळ पुसला. पूर्ण गेला नाही, पण दातांच्या खुणा पुन्हा दिसायला लागल्या.

मित्रांनो, सायकल चालवा, तिला तेल द्या, हवा भरा. मी कुठे नाही म्हणते? पण शरीर थकल्याचं सांगायला लागलं की त्याचं ऐका आणि बसा. बसलेलं माणूस हरलेलं नसतं. आणि एवढी एक विनंती, सायकल टेकवायचीच असेल तर भिंतीला टेकवा.