सातवी ओळ

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. शाळेतला नव्हे. पाढे, शुद्धलेखन आणि कोपऱ्यात 'गैरहजर' एवढंच ज्यांच्या नशिबी आलं, त्या माझ्या भावंडांविषयी मला माया आहे. पण माझं काम वेगळं होतं. एका मोठ्या शहरातल्या संगीत सभागृहाच्या दारात मी बत्तीस वर्षं उभा होतो. या आठवड्यात शहरात कुठल्या मैफली ऐकण्यासारख्या आहेत, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. आता मी जिन्याखालच्या खोलीत असतो. सोबतीला एक मोडकी खुर्ची आणि दोन बादल्या आहेत. त्यांना बोलण्याची आवड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

फळा होण्याआधी मी जमीन होतो. मोठ्या सभागृहाच्या रंगमंचावर ज्या लाकडी पट्ट्या होत्या, त्यातल्या पाच म्हणजे मी. नवा रंगमंच करायचा ठरला, तेव्हा सुताराने आम्हा पाच जणींना वेगळं काढलं, एकमेकींना जोडलं, रंधा मारला आणि काळा रंग फासला. माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक भोक होतं, बोटाच्या पेराएवढं. सेलो नावाचं एक वाद्य असतं, व्हायोलिनचा थोरला भाऊच म्हणा. त्याच्या बुडाला लोखंडी टोक असतं आणि ते जमिनीत रोवून बसून वाजवतात. वर्षानुवर्षं सेलोवाले त्याच जागी टोक रोवत आले होते. सुतार ते भोक बुजवायला निघाला, तेव्हा शेजारी उभे असलेले मास्तर म्हणाले, "राहू दे रे. जन्मखूण आहे त्याची ती."

मास्तर म्हणजे सभागृहातल्या पियानोंचे सूर लावणारे गृहस्थ. त्यांचा कान असा होता की बाहेर कुणी किल्ल्यांचा जुडगा खाली टाकला, तरी ते आतून सांगत, "एक किल्ली वाकलीये." माझ्यावर लिहायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. दर सोमवारी सकाळी ते ओल्या फडक्याने मला स्वच्छ पुसत, मी वाळेपर्यंत चहा पीत आणि मग सात ओळी लिहीत. सात वारांच्या सात मैफली. शहरात त्या आठवड्यात पन्नास कार्यक्रम असोत की शंभर, माझ्यावर सातच.

त्यांचा एक नियम होता. ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. आदल्या आठवड्यात ते तालमींना जाऊन बसत. कोण किती नावाजलेलं आहे, कुणाची ओळख कुठवर आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकदा टपालखात्यातून निवृत्त झालेल्या लोकांच्या बँडला त्यांनी शनिवारची ओळ दिली, आणि त्याच शनिवारी मोठ्या सभागृहात वाजवणारे बडे पाहुणे माझ्यासमोर येऊन आपली ओळ मागून हात हलवत निघून गेले. मास्तरांनी मान वर करूनही पाहिलं नाही. म्हणून लोकांचा माझ्यावर विश्वास होता. "फळ्यावर आहे ना? मग जाऊ या," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, याची गणती नाही. मला त्याचा गर्व होता. उगाच कशाला खोटं बोलू?

मास्तरांचे कान गेले, हे सगळ्यात आधी मला कळलं.

खडू कधीकधी किंचाळतो, तुम्हाला माहीत आहे. पूर्वी जरा कर्र झालं की मास्तर अंगावर झुरळ पडल्यासारखे दचकत आणि खडूचं टोक मोडून टाकत. एका सोमवारी खडू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत किंचाळत राहिला. रस्त्यावरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मास्तर मात्र शांतपणे लिहीत होते, अक्षर नेहमीसारखंच सुरेख.

सूर लावायचं काम त्यांनी गुडघेदुखीचं कारण सांगून सोडलं. पण फळा सोडवेना. तालमींना ते जात राहिले. वाजवणाऱ्यांचे हात बघायचे, ऐकणाऱ्यांचे चेहरे बघायचे आणि त्यावरून ओळ लिहायची. अनुभव दांडगा, त्यामुळे वर्षभर निभावलं. मला त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त कीव येत होती. पण बोलणार कसा? माझ्याकडे शब्द होते ते सगळे त्यांच्याच हातचे.

मास्तरांची धाकटी मुलगी सेलो वाजवायची. मोठ्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसायची, त्यामुळे तिची वेगळी ओळ लिहायचा प्रश्न कधी आलाच नव्हता. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा एकटीने वाजवायचं ठरवलं. रविवार, संध्याकाळ, तळघरातलं लहान सभागृह. माझ्यासमोरच तिने वडिलांचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, शनिवारी तालमीला या. आवडलं तरच लिहा हं. नाही लिहिलंत, तर मी समजेन." त्यांनी तिच्या ओठांकडे टक लावून पाहिलं आणि मान डोलावली.

शनिवारी ते तालमीला जाऊन आले. सोमवारी त्यांनी मला पुसलं, चहा घेतला, सहा ओळी लिहिल्या. सातव्या ओळीवर 'रविवार' लिहिलं आणि हात थांबला. खडू माझ्यावर नुसता टेकलेला होता. परक्यांच्या बाबतीत जे खोटं वर्षभर चाललं, ते पोटच्या पोरीच्या बाबतीत त्यांच्या हातून होईना. ती कशी वाजवते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटी त्यांनी खडू खिशात टाकला आणि घरी गेले. 'रविवार' या शब्दापुढे मी कोरा राहिलो.

दहाच्या सुमारास धाकटी आली, सेलोचं भलंमोठं खोकं पाठीवर घेऊन. तिने मला वरपासून खालपर्यंत वाचलं. मग तिकीटखिडकीशी जाऊन म्हणाली, "रविवारची तारीख दुसऱ्या कुणाला हवी असेल तर देऊन टाका."

खिडकीतल्या तिकीटबाई तिला लहानपणापासून ओळखत होत्या. "अगं, झालं काय तुला?"

"बाबांनी ऐकलं, आणि ओळ कोरी ठेवली. आणखी काय व्हायचं राहिलंय?"

"उद्या संध्याकाळपर्यंत मी कुणाला काही सांगत नाही," तिकीटबाई म्हणाल्या. "तोवर डोकं थंड कर." ती पाठीवरचं खोकं सावरत निघून गेली. त्या कोऱ्या जागेएवढं ओझं मी अंगावर कधी वाहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मास्तर पुन्हा माझ्यासमोर येऊन उभे राहिले, हातात खडू घेऊन, काही न लिहिता. तेवढ्यात गायकवृंदाच्या प्रमुख बाई आल्या. बुधवारची ओळ त्यांची होती. मास्तरांनी लिहिलं होतं: 'चाळीस गळे, आवाज एक. शेवटचा हळू भाग चुकवू नका.' बाईंनी ते वाचलं आणि त्यांना हसू आलं. मागून म्हणाल्या, "मास्तर, ही काय थट्टा?" मास्तर वळले नाहीत. बाईंनी पुन्हा हाक मारली. मग त्या समोर आल्या.

"मास्तर, तुम्ही आलात त्या दिवशी आम्ही गायलोच नव्हतो. मुकी तालीम होती."

गाणाऱ्यांची ही एक रीत आहे, मित्रांनो. कार्यक्रम जवळ आला की गळ्याला विश्रांती म्हणून एखादी तालीम नुसते ओठ हलवून करतात. हात, श्वास, उभं राहणं, सगळं खऱ्यासारखं. आवाज तेवढा नाही. मास्तर नेमके त्या दिवशी गेले होते. तासभर डोळे मिटून, उघडून, मान डोलावत बसले होते, आणि शेवटी त्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. गाणाऱ्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

"पुन्हा सांगा," मास्तर म्हणाले. "जरा सावकाश."

बाईंनी सावकाश सांगितलं. सांगता सांगताच त्यांना उमगलं आणि त्यांचं हसू मावळलं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"वर्ष झालं. थोडं वरच."

"मी कुणाला सांगणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आम्ही खरंच चांगलं गातो हो, तुमची ओळ खोटी पडणार नाही."

"ती खरी ठरेल," मास्तर म्हणाले, "पण मी तर खोटीच लिहिली ना."

मास्तरांना पाहून तिकीटबाई खिडकी सोडून बाहेर आल्या आणि भराभरा काहीतरी सांगू लागल्या. मास्तर गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागले. तेव्हा गायकवृंदाच्या बाईंनी त्यांच्या हातातला खडू घेतला आणि माझ्या कोपऱ्यात, त्या भोकाच्या वर, बारीक अक्षरात लिहिलं: 'मुलगी रविवार सोडतेय. तिला वाटतं, तुम्हाला आवडलं नाही.'

बत्तीस वर्षांत मास्तरांशिवाय दुसऱ्या कुणाचं अक्षर माझ्यावर उमटलेलं मला तेवढंच आठवतं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग बाहीने पुसलं, खडू परत घेतला आणि 'रविवार'च्या पुढे लिहायला लागले. खडू किंचाळत होता. दोघी बायका शेजारी उभ्या होत्या. दोघींपैकी कुणीही कानांवर हात ठेवला नाही.

त्यांनी लिहिलं: 'तळघरातलं सभागृह. सेलो. वाजवणारी माझी मुलगी आहे. मी ऐकलेलं नाही, कारण वर्षभरापासून मला ऐकू येत नाही. वरच्या सहा ओळीही न ऐकता लिहिल्या आहेत, त्याबद्दल माफी असावी. पण रविवारी मी जाणार आहे.'

दिवसभर लोक माझ्यासमोर थांबले. एरवी वाचून पुढे जाणारे थांबले. कुणीही माझ्यावर हसलं नाही. दुपारी धाकटी आली. तिने सातवी ओळ वाचली, पाठीवरचं खोकं उतरवून ठेवलं आणि पायरीवर बसलेल्या वडिलांशेजारी जाऊन बसली. त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवून म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"तुलाच सांगायची भीती वाटत होती," ते म्हणाले. "तू इतकी वर्षं मेहनत केलीस. आता तू वाजवणार आणि मला कळणार नाही. ते कुठल्या तोंडाने सांगू?"

मग तिची नजर माझ्या कोपऱ्यातल्या त्या भोकावर गेली.

रविवारी दोन माणसांनी मला उचललं आणि तळघरात नेऊन आडवं ठेवलं, अक्षरं वर करून. तिथला मंच एका पायरीएवढाच उंच. माझं डावं टोक मंचाबाहेर पहिल्या रांगेपर्यंत आलं होतं, आणि तिथे मास्तर बसले होते. सभागृह भरलं होतं, मागे माणसं उभी होती. धाकटीने सेलोचं टोक माझ्या जन्मखुणेत रोवलं, आणि मास्तरांनी आपला तळवा माझ्यावर ठेवला.

तिने पहिला सूर ओढला आणि मी पुन्हा जमीन झालो. बत्तीस वर्षांनी माझ्या अंगातून तो जाड, खोल सूर गेला. माझ्यावरची खडूची धूळ हलत होती. मास्तरांनी डोळे मिटले. त्यांचा तळवा शेवटपर्यंत उचलला गेला नाही आणि त्यांच्या गालावरून काय वाहत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मास्तरांनी सातही ओळी स्वतः पुसल्या आणि परत माझ्यावर लिहिलं नाही. "ज्याने ऐकलं त्याने लिहावं," एवढंच म्हणाले. पुढे कुणाला तालमींना जायला सवड झाली नाही. माझ्या जागी एक झगमगता पडदा आला. त्यावर आठवड्याचे साठ कार्यक्रम सरकत असतात आणि साठही अविस्मरणीय असतात. मी जिन्याखाली आलो.

मित्रांनो, जे ऐकलं नाही ते ऐकलं म्हणू नका, एवढं मला तुम्हाला सांगायचं आहे. आणि घरातलं कुणी दोनदा 'काय म्हणालास?' असं विचारू लागलं, तर वैतागू नका. समोर जा, सावकाश सांगा. ते माणूस कदाचित वर्षभर एकटंच काहीतरी झाकत असेल.

आता महिन्यातून एकदा, सोमवारी सकाळी, धाकटी मास्तरांना इथे घेऊन येते. बादल्या बाजूला सारते, मला आडवं करते, मोडक्या खुर्चीला विटेचा टेकू देऊन त्यावर बसते आणि वाजवते. मास्तर खाली बसून माझ्यावर हात ठेवतात. मागच्या खेपेला तिची एक तार जराशी उतरली होती. मला जाणवलं, तिला नाही. मास्तरांनी डोळे न उघडता माझ्यावर बोटाने दोनदा टकटक केलं. ती थांबली, तिने वडिलांकडे पाहिलं, आणि मग खुंटी पिळून तार सुरात आणली.